कानातल्या 'मायक्रोबायोम'ला मराठीत काय म्हणायचं?

रानवारा: कानाच्या आरोग्यावरचा एक लेख मराठीत करतोय, त्यात दर दोन ओळींनी मायक्रोबायोम, म्हणजे कानात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचं सगळं जग, येतंय. 'जंतू' लिहिलं तर वाचणारा लगेच औषध शोधायला लागेल, 'जीवाणू' लिहिलं तर बुरशी बाहेर राहते. सुचवा काहीतरी.

सुईदोरा: जंतू नकोच, त्या शब्दाला जंतुनाशक आणि जंतुसंसर्ग कायमचे चिकटलेत. आणि इथे तर मुद्दाच उलटा आहे ना, धडधाकट माणसाच्या कानाच्या नळीतही हे जीव राहतातच, एकाचं नावच स्टॅफिलोकॉकस ऑरिक्युलॅरिस, म्हणजे कानाचा, १९८३ साली ठेवलेलं. मी 'सूक्ष्मजीवसृष्टी' लिहिते. लांब आहे पण बुरशी, विषाणू सगळे मावतात.

पाटीपेन्सिल: ताई, सृष्टी चालेल पण सरसकट नको. मायक्रोबायोटा म्हणजे नुसते राहणारे जीव, त्याला 'सूक्ष्मजीवसमूह' बास झालं. मायक्रोबायोममध्ये त्यांची जनुकं आणि ते राहतात ती जागाही आली, तिथे सृष्टी शोभतं. आणि कानात त्या जागेत मळ आलाच, तो किंचित आम्लधर्मी असतो, चिकट असतो, पाणी आत मुरू देत नाही, त्यात जीवाणूंना आवर घालणारी द्रव्यंही असतात. 'मेण' वगैरे करत बसू नका, मळच लिहा. फक्त त्याचं काम लगेच सांगा, नाहीतर मळ म्हटलं की लोक कानकोरणं घेऊन मागे लागतात.

रानवारा: हे पटलं. पण पुढे मधल्या कानाचं प्रकरण आहे, पडद्यामागे पाणी साठतं आणि मुलाला कमी ऐकू येतं. याला कान फुटणं म्हणू का?

सुईदोरा: अजिबात नाही!! फुटणं म्हणजे पडद्याला भोक पडून पू वाहणं. इथे पडदा शाबूत असतो, बरेचदा दुखतही नाही, मूल टीव्हीचा आवाज वाढवतं एवढंच. 'दडे बसणे' जवळचं आहे. नाकामागून कानात येणारी नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते, न्यूमोकोकस, हिमोफिलस, मोरॅक्सेला ही जीवाणू मंडळी नाकामागेच ठाण मांडून असतात, पडसं झालं की वर सरकतात. ज्या मुलांचे कान कमी बिघडतात त्यांच्या नाकात डोलोसिग्रॅन्युलम आणि कोरिनेबॅक्टेरियम हे जीवाणू जास्त दिसलेत, पण इथे 'आढळतात' लिहा, 'बचाव करतात' लिहू नका, तेवढं सिद्ध झालेलं नाही.

भातखाचर: बुरशीलाही दोन ओळी द्या राव. आमच्या कोकणात पावसाळ्यात कान खाजायला लागले की घरात उरलेले जुने ड्रॉप्स घालतात, त्यात अँटिबायोटिक असलं आणि दिवसेंदिवस घालत राहिलं की जीवाणू मरतात आणि अ‍ॅस्परजिलस या बुरशीला मोकळं रान. आम्ही त्याला सरळ 'कानात बुरशी धरलीय' म्हणतो, तेच लिहा.

पाटीपेन्सिल: आणि पडद्यामागच्या पाण्याला 'बहिरेपणा' नको. पाणी ओसरलं की बहुतेक मुलांना परत नीट ऐकू येतं. 'कमी ऐकू येणं' लिहा, आईबाप घाबरणार नाहीत.