मदत हवी आहे: जलाशयाच्या तळावरील ११ केव्ही केबलचा फॉल्ट नेमका कुठे धरावा?

जॅकवेल_नागपूर (मंगळवार, सकाळी ६.५०)
नमस्कार. नागपूरजवळच्या एका जलाशयावरील पाणीपुरवठा योजनेचे विद्युत काम माझ्याकडे आहे. काठावरच्या पंपगृहापासून पाण्यातील जॅकवेलपर्यंत (पाणी उपसण्याच्या विहिरीपर्यंत) ११ केव्हीची केबल तळावरून गेली आहे. शनिवारी रात्री अर्थ फॉल्टवर (वीज जमिनीकडे गळाल्याने) ब्रेकर ट्रिप झाला आणि तेव्हापासून तो टिकत नाही. फॉल्ट लोकेटरने (केबलमध्ये पल्स पाठवून बिघाडाचे अंतर दाखवणाऱ्या यंत्राने) काठाकडून २६२ मीटर आणि जॅकवेलकडून १९८ मीटर अंतर दाखवले. नकाशावर केबल ४३० मीटर आहे, मग बेरीज ४६० कशी येते? गुरुवारी पाणबुडे येणार आहेत आणि ते एकच दिवस थांबतील. चार गावांना टँकरने पाणी पुरवावे लागत आहे. कोणता आकडा धरायचा, एवढेच कृपया लवकर सांगा.

जुना_जॉइंटर (मंगळवार, सकाळी ७.३५)
एवढ्या माहितीवर कोणताही आकडा सांगणे धोक्याचे ठरेल. केबल एक्सएलपीई (प्लॅस्टिक इन्सुलेशनची) आहे की कागदी इन्सुलेशनची? मध्ये जुना जॉइंट (जोड) आहे का? मेगरवर (इन्सुलेशन तपासण्याच्या यंत्रावर) काय दिसते आणि लोकेटरवर पल्सचा वेग किती ठेवला होता?

जॅकवेल_नागपूर (मंगळवार, सकाळी ८.१०)
तीन कोअरची (आर, वाय, बी फेजच्या तीन वाहकांची), तारेच्या आर्मरची (संरक्षक कवचाची) एक्सएलपीई केबल आहे आणि मध्ये जॉइंट नाही. बी फेज ते आर्मर मेगरवर शून्य, मल्टिमीटरवर साधारण ४० ओहम दिसतात. आर आणि वाय फेज चांगल्या आहेत. वेग यंत्रात आधीच भरलेला होता, तो १७२ दिसतो.

बुटीबोरी_मेंटेनन्स (मंगळवार, सकाळी ९.०५)
माझा स्पष्ट सल्ला आहे की नवी केबल टाकावी. आमच्या कारखान्यात जमिनीखालच्या केबलला एका वर्षात तीन जॉइंट मारले आणि तिन्ही पावसाळ्यात गेले. पाण्याखाली जॉइंट टिकेल, असे मानणे म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा हाच धागा काढणे आहे.

जुना_जॉइंटर (मंगळवार, सकाळी ९.४०)
हे मान्य नाही. समुद्रातल्या केबल जॉइंट मारूनच दुरुस्त होतात. ऑस्ट्रेलियाची मुख्य भूमी आणि टास्मानिया यांना जोडणारी बासलिंक केबल डिसेंबर २०१५ मध्ये बंद पडली आणि दुरुस्त होऊन जून २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली. बिघाड टास्मानियाच्या किनाऱ्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर होता. सुमारे २९० किलोमीटरचा समुद्राखालचा भाग एका बिघाडासाठी कोणी बदलत नाही. तुमचे जॉइंट का गेले, ते आर्मर न जोडल्यामुळे की ओलावा आत राहिल्यामुळे, हे आधी तपासायला हवे होते.

सर्ज_टेस्टिंग (मंगळवार, सकाळी ११.२०)
सर्ज जनरेटर (केबलला उच्च दाबाचे विजेचे दणके देणारे यंत्र) लावून दणके द्या आणि होडीतून आवाज ऐका. आम्ही वाडी परिसरात असेच फॉल्ट पकडतो.

अंतर_मापक (मंगळवार, दुपारी १२.०५)
जमिनीत ते ठीक आहे, पण पाण्याखालचा आवाज होडीतून नेमका पकडता येईल, याचा भरवसा नाही, आणि वय झालेल्या एक्सएलपीईला वारंवार दणके देणे चांगल्या फेजसाठीही घातक असते. शिवाय ४० ओहमचा फॉल्ट कमी दाबाच्या पल्सलाच स्पष्ट दिसतो, त्यामुळे इथे दणक्यांची गरजच नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पल्स फॉल्टपर्यंत जाऊन परत येतो, म्हणून १७२ मीटर प्रति मायक्रोसेकंद हा वेग धरला तर यंत्र प्रत्येक मायक्रोसेकंदाला ८६ मीटर मोजते. खरा वेग याहून कमी असेल, तर दोन्ही टोकांकडचे अंतर सारख्याच प्रमाणात वाढून येते आणि बेरीज लांबीपेक्षा मोठी होते. म्हणून एकच आकडा निवडू नये, तर दोन्हींचे गुणोत्तर घ्यावे. २६२ भागिले ४६० हे प्रमाण वेगावर अवलंबून राहत नाही. त्याला केबलच्या खऱ्या लांबीने गुणले की काठाकडचे अंतर मिळते. पण तुमचे ४३० मीटर ही केबलची लांबी आहे की नकाशावर मोजलेले दोन टोकांमधले अंतर?

जॅकवेल_नागपूर (मंगळवार, दुपारी १२.५०)
नकाशावरचेच अंतर आहे. वेगळी लांबी कुठून आणणार? ड्रमचे कागद सापडत नाहीत.

अंतर_मापक (मंगळवार, दुपारी १.१०)
कागदांची गरज नाही. बाहेरच्या आवरणावर दर मीटरला छापील आकडा असतो. दोन्ही टोकांना, शक्य तितके टर्मिनेशनजवळ (केबल उपकरणाला जोडतात त्या टोकाजवळ), चिखल पुसून तो आकडा वाचा आणि वजाबाकी करा.

तडिताभ्यासक (मंगळवार, दुपारी ३.३०)
समुद्रातल्या लांब केबलमध्ये डीसी वापरतात, हेही येथे नमूद करावेसे वाटते. एसीमध्ये केबलच्या धारितेमुळे (वीजभार साठवण्याच्या गुणामुळे) चार्जिंग करंट लांबीबरोबर वाढत जातो आणि केबलची क्षमता त्यातच खर्च होते. म्हणूनच १९५४ मध्ये स्वीडनच्या गोटलंड बेटाला जोडणारी समुद्री केबल डीसीची होती.

उरणकर (मंगळवार, दुपारी ४.००)
महाराष्ट्रातलेही उदाहरण द्यायला हवे. घारापुरी बेटावर फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटरच्या केबलने वीज पोहोचली. ती तुमच्या केबलसारखी एसीच आहे, कारण इतक्या अंतराला डीसीची गरज नसते.

जॅकवेल_नागपूर (मंगळवार, संध्याकाळी ६.४५)
डीसीविषयी मी विचारले नव्हते. आकडे वाचले. जॅकवेलमध्ये ४७६ स्पष्ट दिसला. काठाकडे मातीखाली अंगठ्याने घासल्यावर पुसट ०१८ दिसला. म्हणजे ४५८ मीटर. आणखी एक गोष्ट मी लिहिली नव्हती, कारण ती महत्त्वाची वाटली नाही. काठावरच्या खड्ड्यात जादा केबलचा वेढा ठेवलेला आहे, तो साधारण २४ मीटरचा असावा.

अंतर_मापक (मंगळवार, संध्याकाळी ७.१५)
सर्व उत्तर त्या वेढ्यातच आहे. ४५८ मधून २४ वजा केल्यास ४३४ उरतात, म्हणजे नकाशा जवळजवळ बरोबर आहे आणि लोकेटरचा वेगही जवळजवळ बरोबर आहे. ४५८ गुणिले २६२ भागिले ४६० म्हणजे केबलवर सुमारे २६१ मीटर. यातील २४ मीटर खड्ड्यातच संपतात, म्हणून पाणबुड्यांना खड्ड्यापासून २३७ मीटरवर उतरवा. वेढा विसरून २६२ मीटरवर उतरवले असते, तर सगळा दिवस चुकीच्या जागी गेला असता. उतरण्यापूर्वी चांगल्या फेजवर लोकेटर लावून ४६० च्या आसपास उघडे टोक दिसते का, तेही पाहा.

जुना_जॉइंटर (मंगळवार, रात्री ८.००)
माणूस पाण्यात उतरण्यापूर्वी दोन्ही टोके विलग करून डिस्चार्ज करा, अर्थ करा आणि कुलूप लावा. कापण्यापूर्वी केबल स्पाइक केल्याशिवाय (दुरून खिळा आरपार घालून तिच्यात वीज नसल्याची खात्री केल्याशिवाय) कोणीही हात लावू नये. कापल्याबरोबर दोन्ही टोकांवर हीट श्रिंकच्या (तापवल्यावर आवळल्या जाणाऱ्या) टोप्या बसवा, कारण पाणी कंडक्टरच्या तारांमधून आत शिरत जाते; कोरड्या, चकचकीत तारा दिसेपर्यंत मागे कापत जा.

जॅकवेल_नागपूर (गुरुवार, दुपारी २.२०)
खड्ड्यापासून २३९ मीटरवर जागा सापडली. मासेपालनाच्या पिंजऱ्याची नांगर-साखळी केबलवरून ओढली गेली होती. तळहाताएवढ्या भागात आर्मरच्या तारा चपट्या होऊन बाजूला सरकल्या आहेत आणि मधल्या काळ्या आवरणाला बोटाचे टोक जाईल एवढे छिद्र आहे. तेथे पाणी ७ मीटर खोल आहे. वेढ्यातली केबल ओढून एकाच जॉइंटमध्ये काम भागेल का?

जुना_जॉइंटर (गुरुवार, दुपारी २.५०)
नाही. वेढा काठाला आहे आणि फॉल्ट २३९ मीटर पुढे आहे, तेवढी केबल गाळातून ओढल्यास आर्मरवर ताण येऊन दुसरा बिघाड तयार होईल. समुद्रात करतात तेच करा: दोन्ही टोके तराफ्यावर उचला, मध्ये नवा तुकडा घालून दोन जॉइंट मारा. खालून वर आणि पुन्हा खाली जाण्याएवढी लांबी लागते, म्हणून तुकडा खोलीच्या दुपटीपेक्षा जास्त, म्हणजे १८ ते २० मीटर ठेवा आणि तळावर तो बाजूला मोठ्या वळणात निजवा, लटकता ठेवू नका. वेढ्यातून तेवढा तुकडा कापता येईल, पण मग काठावर टर्मिनेशन नव्याने करावे लागेल. आर्मरच्या तारा जॉइंटच्या दोन्ही बाजूंना क्लॅम्पमध्ये पकडा, म्हणजे ताण जॉइंटवर येणार नाही.

बुटीबोरी_मेंटेनन्स (गुरुवार, दुपारी ३.१५)
आमच्या तिन्ही जॉइंटमध्ये आर्मर नुसताच तारेने बांधला होता, हे आज फिटरला विचारल्यावर कळले. क्लॅम्प कोणत्या मापाचा घ्यावा, तेही लिहावे.

जुना_जॉइंटर (गुरुवार, दुपारी ३.३०)
दोघांनीही आर्मरवरचा व्यास व्हर्नियरने मोजून कळवावा.