नमुना कुठून घेतला, ते आधी विचारा

मधुमेह असलेल्या वडिलांच्या पायाच्या जखमेच्या रिपोर्टात तीन जंतू आलेत, तिन्हींवर चालेल असं जोरदार इंजेक्शन द्यावं का, असं एकाने विचारलंय. माझं मत: आधी नमुना कसा घेतला ते विचारा. पट्टी सोडली की वरच्या पुवावरून कापूस फिरवून नळीत टाकायचा, हे सर्रास चालतं. त्यात कातडीवर नुसते बसलेले जंतूही उगवतात. जखम धुऊन, मेलेला भाग काढून, तळातला मांसाचा तुकडा पाठवला, तोही अँटिबायोटिक सुरू होण्याआधी, तर खरा गुन्हेगार सापडतो.

ताज्या जखमेत बहुधा स्टॅफिलोकॉकस किंवा स्ट्रेप्टोकॉकस हे जंतू. जुन्या, ओल्या जखमेत सुडोमोनास, ई. कोलाय, क्लेब्सिएला, यांच्यावर साध्या गोळ्या पुष्कळदा चालत नाहीत. पण पायाला रक्तच पोचत नसेल तर रिपोर्टात 'एस' (म्हणजे या जंतूवर चालतं असं) लिहिलेलं औषध तरी बोटापर्यंत जाणार कसं? म्हणून डॉप्लर (पायातला रक्तप्रवाह बघायची तपासणी) करून घ्या.

आपल्या सांगलीकडे उसाच्या रानात अनवाणी चालताना बुडखा तळव्यात घुसतो, मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला पत्ताच नसतो. मग वर हळद चेपायची. (पेठच हळदीची, काय बोलणार!) वर पिवळी खपली धरते, आत पू कोंडतो.

लाली, सूज, ऊब, दुखणं, पू यांपैकी काहीच नसेल तर नुसत्या जखमेला अँटिबायोटिक लागत नाही. संसर्ग मांसापुरता असेल तर साधारण १ ते २ आठवडे, हाडात उतरला आणि हाड काढलं नाही तर ६ आठवड्यांच्या आसपास. आणि अमिकासिन किंवा कोलिस्टिन (किडनीला त्रास देऊ शकणारी अँटिबायोटिक इंजेक्शनं) लिहून दिलं असेल तर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासल्याशिवाय सुरू करू देऊ नका.