‘लेणी’ की ‘गुहा’? आणि विवर, भुयार, पेव वगैरे

अंबाजोगाईकर
शाळेत पाचवी ते सातवीच्या पोरांकडून भित्तिपत्रक करून घ्यायलोय. विषय पोरांनीच काढला, जगातल्या अजब जागा. मथळा ठोकला ‘जगातील अजब लेणी’. खाली चित्रं: वेरूळचं कैलास, जॉर्डनमधलं पेट्रा, व्हिएतनामची सोन डूंग, न्यूझीलंडमधली वायटोमोची काजव्यांची गुहा, तुर्कस्तानातलं जमिनीखालचं गाव डेरिनकुयू आणि तुर्कमेनिस्तानातला तो रात्रंदिवस जळणारा खड्डा.

परवा एका मुलीचे आजोबा आले, निवृत्त तलाठी. भिंतीपुढं बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “सर, यातली निम्मी लेणी न्हाईत.” मी म्हणालो, गुहा काय न् लेणी काय, एकच की. ते नुसते हसले आणि निघून गेले. ते हसणं डोक्यातून जाईना म्हणून इथं विचारतोय. फरक आहे का खरंच?

परभणीकर
आहे, आणि चांगला मोठा आहे. गुहा आपोआप होते. लेणं कुणीतरी कोरावं लागतं.

शब्द संस्कृत ‘लयन’वरून आला. ‘ली’ म्हणजे टेकणं, दडणं, विसावणं. प्राकृतात ‘लेण’. नाशिकच्या पांडवलेण्यात जवळपास एकोणीसशे वर्षांपूर्वीचे कोरीव लेख आहेत, त्यात ‘लेण’ हाच शब्द आहे. त्याच लेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटलंय. पोढी आपण विसरलो, लेणं अजून तोंडात आहे. अजिंठ्याची लेणी ज्या गावाच्या शिवारात येतात त्या गावाचं नावच लेणापूर.

आता तुमच्या यादीतलं पहिलंच चित्र बघा. वेरूळला 34 लेणी. 1 ते 12 बौद्ध, 13 ते 29 हिंदू, 30 ते 34 जैन. कैलास 16 नंबरचं. पण त्यात गुहेसारखं आहे काय? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगराचा माथा धरून खाली शंभराहून जास्त फूट कोरत उतरले. अंगणात उभं राहिलं तर डोक्यावर आभाळ. तरी आपण ‘लेण्यात आलो’ म्हणतो आणि ते बरोबरच आहे. ‘गुहा क्रमांक 16’ असं वाचलं की मात्र मला अंगावर पाल पडल्यासारखं होतं.

इथिओपियात लालिबेलाला 11 चर्चं याच रीतीची आहेत. त्यातलं सेंट जॉर्जचं तर क्रूसाच्या आकाराचं, जमिनीतून खाली कोरत नेलेलं. काठावर उभं राहिलं की त्याचं छत आपल्या पायाच्या पातळीला येतं. त्याला ‘खडकात कोरून काढलेलं अखंड चर्च’ अशी लांबण कशाला? सरळ लेणं म्हणा.

केजचा पाहुणा
आमची आजी ‘लेणी बघून आलो’ म्हटलं की विचारायची, “कुणाच्या अंगावरली रं?”

परभणीकर
आजींचं लेणं वेगळ्या घरचं! ते ‘लेणे’ या क्रियापदाचं, म्हणजे अंगावर घालणे. काजळ ल्याली, शालू ल्याली. दोन शब्द चालत चालत एकाच रूपाला येऊन थांबले, नातं काही नाही. जुळवणारे जुळवतात, ‘लेणी म्हणजे डोंगराचे दागिने’. भाषणात टाळ्या पडतात, व्युत्पत्तीत नापास.

जालनेकर
त्या जळत्या खड्ड्याबद्दल बोलतो, कारण आम्ही विवराच्या शेजारचे. लोणार बुलढाण्यात, म्हणजे कागदावर विदर्भात, पण जालना जिल्ह्याची हद्द ओलांडली की आलंच. तिथला माणूस ‘विवर’ म्हणत नाही, ‘लोणारचं तळं’ म्हणतो. विवर हा पुस्तकातला शब्द. सुमारे 1.8 किलोमीटर रुंद, उल्का काळ्या पाषाणावर आदळून झालेलं. 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पेपरांनी ‘विवर’ इतक्यांदा छापलं की पोरं आता तेच म्हणायलीत.

तुर्कमेनिस्तानातला खड्डा मात्र आदळून झालेला नाही. वाळवंटातली जमीन खचली, खालून नैसर्गिक वायू येत राहिला आणि तो कित्येक दशकं जळतोय. रुंदी साधारण 70 मीटर. बातम्यांत त्याला ‘नरकाचं दार’ म्हणतात, पण खरी गंमत जवळच्या गावाच्या नावात आहे: दरवाजा. आपलाच दरवाजा, फारसीतून इकडं आला तसा तिकडंही गेला. माझं मत, त्याला खड्डाच म्हणा. जमीन खचून झालेल्याला आपल्याकडं खड्डाच म्हणतात आणि त्यात कमीपणा नाही.

पाथरवटाचा नातू
आमच्यात जाती, पाटे-वरवंटे घडवायचं काम. शब्दावरून एक सांगतो. ‘लेणं बांधलं’ असं लई जण लिहितात, टीव्हीवरही बोलतात. लेणं कोरतात, खोदतात. बांधत नाहीत. बांधताना चुकलं तर दगड उचलून दुसरा बसवता येतो. इथं टाकी, म्हणजे छिन्नी, चुकली की चुकली.

आणि खाण वेगळी, लेणं वेगळं. खाणीत बाहेर निघालेला माल कामाचा, लेण्यात मागं उरलेला.

परभणीकर
वा! मग पोलंडमधल्या वियेलिच्काचं काय करायचं? शेकडो वर्षं मिठाची खाण. तिथल्या खाणकामगारांनीच जमिनीखाली 101 मीटरवर संत किंगाचं प्रार्थनामंदिर कोरलं. भिंतीवरची शिल्पं मिठाची, जमीन मिठाची, झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाचे खडे. माल निघाला तोवर खाण होती, मग उरलेल्याचं लेणं केलं.

बीडवाला
पेट्रावर कुणी बोललं नाही अजून. पेट्रा म्हणजे ग्रीकमध्ये खडक. ज्याचा फोटो सगळीकडं असतो ती इमारत म्हणजे अल-खझ्ना. खझ्ना म्हणजे खजाना! उंची जवळपास 40 मीटर, तीही कैलासासारखीच वरून खाली कोरलेली. होती थडग्यासाठी, पण वरच्या दगडी कलशात सोनं आहे अशी तिथल्या लोकांची समजूत. कलश फुटावा म्हणून त्याच्यावर गोळ्या झाडल्या, त्या खुणा अजून आहेत. कलश भरीव दगडाचा.

आणि आमच्या बीडला खजाना विहीर. निजामशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकातली. सरकारी खजिना कुठं गेला असं विचारल्यावर ‘विहिरीत गेला’ असं उत्तर मिळालं, म्हणून हे नाव, असं लहानपणापासून ऐकतोय. तिकडं नाव खजान्याचं आणि आत काही नाही. इकडं निदान पाणी तरी आहे. बीडमध्ये राहणाऱ्यालाच कळंल यातला खजाना कोणता ते.

सर, पेट्रा लेणं. बिनधास्त लिहा.

अंबाजोगाईकर
डेरिनकुयूवर अडलोय. जमिनीखाली सुमारे 85 मीटर, मजल्यावर मजले. तबेले, कोठारं, हवेसाठी उभी नळकांडी, दारं म्हणून जात्यासारखे गोल दगड गडगडत आडवे लावायचे. 1963 साली उजेडात आलं. माणसाने खोदलंय म्हणजे लेणं म्हणावं, तर कोरीवकाम काहीच नाही.

लातूरकर
भुयार म्हणा ना. आज भुयार म्हटलं की वाकून जायचा बोळ डोळ्यापुढं येतो, देवगिरीच्या अंधारीसारखा. पण शब्द ‘भूमिगृह’वरून आला, जमिनीतलं घर. म्हणजे डेरिनकुयूला तो मूळ अर्थानं बसतो. तुर्कीत नावाचा अर्थ ‘खोल विहीर’. आपल्याकडं आडगावं आहेत, तसलंच.

पण मला खरं आठवलं ते पेव. नवीन पोरांना ‘पेव फुटलं’ एवढंच माहीत, मोबाइलच्या दुकानांचं पेव फुटलं, क्लासेसचं पेव फुटलं. पेव बघितलंय कुणी? तोंड एवढंसं, पोट हे मोठं. पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या जमिनीत, उंचवट्यावर खणायचं, म्हणजे ओल लागत नाही. आतून कडबा लावून ज्वारी भरायची, वरून तोंड लिंपून टाकायचं, वर्षानुवर्षं निवांत. उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आधी कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर वरच थांबायचं. आमच्या आजोबांच्या वाड्यात एक होतं, आता त्यावर बाथरूम आहे.

ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाचं गाव आहे. दुधी रत्नांच्या, म्हणजे ओपलच्या खाणींचं. उन्हाळा इतका की लोक जमिनीखाली घरं खोदून राहतात. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या नावाचा अर्थ सांगतात, ‘गोऱ्या माणसाचं बीळ’. बीळ! ठेवणाऱ्याने काय नाव ठेवलंय.

उमरग्याची
सगळे खोदलेल्याचेच शब्द सांगायलेत. आपोआप झालेल्याला मराठीत गुहा, घळ, कपार, ढोली, संपलं का?

परभणीकर
ताई, मला वाटतं त्याचं कारण आपल्या खडकात आहे. सोन डूंग, वायटोमो या चुनखडीतल्या गुहा. पावसाचं पाणी किंचित आम्ल होतं, त्यात चुनखडी विरघळते, लाखो वर्षांत आत पोकळी होते. सोन डूंग काही ठिकाणी 200 मीटर उंच आहे, म्हणजे लोणारच्या खोलीपेक्षाही जास्त. आपला काळा पाषाण तसा विरघळत नाही. पाण्याने फार तर घळ पडते, कपार निघते. मोठी पोकळी हवी तर टाकी घ्या आणि कोरत बसा. म्हणून आपल्याकडं शब्द कोरणाऱ्यांचे जास्त.

अंबाजोगाईकर
ठरलं. मथळा पोरांनी बदलला: ‘कोरलेलं, खचलेलं, विरघळलेलं’. मला जरा रासायनिक वाटला, पण पोरं ऐकेनात. कैलास, पेट्रा लेण्यात. डेरिनकुयू भुयार. दरवाजा खड्डा. सोन डूंग आणि वायटोमो गुहा. लालिबेला नव्याने काढलं, एका कोपऱ्यात पेवही आलंय, कडब्यासकट.

आज तलाठी आजोबांना मुद्दाम बोलावलं. चष्मा पुसून सगळं वाचलं, मान हलवली. मी खूश. मग वायटोमोपाशी बोट ठेवलं. म्हणाले, “काजवा उडतो, सर. हे छताला चिकटलेत, अन् खाली चिकट दोऱ्या सोडून किडे धरायलेत. काजवं कसं म्हनावं ह्याला?”

घरी येऊन बघितलं. बुरशीवरच्या चिलटांच्या कुळातल्या एका जातीची अळी निघाली. आता चमकणाऱ्या अळीला मराठीत काय म्हणतात, सांगा.