मदत हवी आहे: ताईला पुण्याच्या कोर्टाचं पाकीट आलंय, १९ तारखेला जायचं का नाही?

धारूरकर_९१
नमस्कार. ताईला काल पोस्टानं पुण्याच्या कोर्टाचं पाकीट आलं. दाजींनी घटस्फोट मागितलाय. तारीख १९, म्हणजे अकरा दिवस राहिले. पुण्यात आमचं कुणी नाही. ओळखीतून एका वकिलाला फोन लावला तर आधी पंचवीस हजार अन् पुढं प्रत्येक तारखेचे पाच हजार म्हणाले. सोयाबीन घरातच पडलंय, एवढे पैसे आत्ता निघत नाहीत. आबा म्हणायलेत पाकीट घ्यायलाच नको होतं. मला फक्त एवढं सांगा, गेलं नाही तर काय होतं? लवकर सांगा.

हिंगोली_हळद
भाऊ, पाकिटात नेमकं काय आहे? वकिलाची नोटीस वेगळी, कोर्टाचं समन्स वेगळं. शिक्का कुणाचा? लग्न कधी झालं, लेकरं किती, ताई माहेरी कधीपासून आहे, यातलं काहीच लिहिलं नाही तुम्ही.

सरळबोल_परभणी
४९८ टाका, सासरच्या छळाची पोलीस केस. नवरा, सासू, सासरा, नणंद, सगळ्यांची नावं घ्या. आठ दिवसांत पाय धरत येतील. आमच्या आत्याच्या पोरीचं असंच झालं.

धारूरकर_९१
कोर्टाचा गोल शिक्का आहे. वर कौटुंबिक न्यायालय पुणे, खाली पी. ए. नंबर. मागं ३२ पानं जोडलीत, इंग्रजीत. लग्न २०१८ च्या मे महिन्यात, आमच्याच गावात. एक मुलगी, पाच वर्षांची, ताईजवळच असते. पोलीस केस करायची नाही, घरात तसं ठरलंय.

काळाकोट_लातूर
मी लातूरला वकिली करते. हे समन्स आहे. पाकीट परत करायचा विचार सोडा. घ्यायला नकार दिला तरी कायद्यानं ते बजावलं गेलं असंच धरतात, आणि तुमच्याकडे तर ते घेतलेलं आहे. १९ तारखेला कुणीच गेलं नाही तर काम एकतर्फी चालतं. नवरा शपथेवर सांगेल तेवढंच न्यायालयासमोर राहील आणि त्यावर हुकूम होऊ शकतो. तो हुकूम रद्द करून घेण्याच्या अर्जाला ३० दिवसांची मुदत असते. समन्स मिळूनही का आला नाहीत, याचं कारणही पटवून द्यावं लागतं. पैसे नव्हते एवढं सांगून भागत नाही, कारण फुकट वकील मिळण्याची सोय कायद्यात आहे.

आता मला सांगा, याचिकेत कारण काय दिलंय? क्रूरता, की सोडून जाणं? आणि दोघं शेवटचे एकत्र कुठे राहत होते?

शांत_मांजरा
दादा, मी यातून गेलेली आहे. केज तालुक्यातली आहे मी. वकिलाच्या पैशाची काळजी करू नका. तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. तिथं अर्ज केला की सरकारकडून वकील देतात. मला दिला होता. पहिले वकील तारखेला यायचेच नाहीत. मी तसं लेखी दिलं तर दुसऱ्या बाई दिल्या, त्यांनी शेवटपर्यंत काम केलं. त्यांनी मला प्रत्येक कागद वाचून दाखवला, समजलं का विचारलं आणि मगच सही घेतली. ते मी विसरणार नाही. आधी १५१०० वर फोन करा, विधी सेवेचाच नंबर आहे.

जालनेकर_दादा
त्याला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो काढेपर्यंत तारीख निघून जाईल.

काळाकोट_लातूर
महिलांना उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. आधार कार्ड, समन्सची झेरॉक्स आणि साधा अर्ज घेऊन जा. धारूरला किंवा बीडला अर्ज दिला तरी तो पुण्याच्या प्राधिकरणाकडे पाठवता येतो, पण दिवस कमी आहेत म्हणून सोबत फोनही करा. शिवाय घटस्फोट, पोटगी, हिंसाचार या कामांत महाराष्ट्रात महिलांना कोर्ट फी माफ आहे, १९९४ पासून.

माझे प्रश्न अजून तसेच आहेत.

धारूरकर_९१
गावातल्या सरांकडून वाचून घेतलं. ताई २०२२ ला कारण नसताना घर सोडून गेली, दोन वर्षांच्या वर झाली, असं लिहिलंय. आधी दोघं हडपसरला भाड्यानं राहायचे. पण हे सगळं कामून लागतं तेच कळंना. त्यांची फारकत तर कधीच झालेली आहे! २०२२ च्या दिवाळीनंतर चार माणसं बसली, शंभराच्या बाँडवर लिहून घेतलं, नोटरी केली, दोघांच्या सह्या झाल्या, साक्षीदार आहेत. दोन लाख द्यायचं ठरलं, पन्नास हजार दिले. मग आता दुसऱ्यांदा घटस्फोट कशाचा?

हिंगोली_हळद
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं होतं भाऊ.

जालनेकर_दादा
मग विषयच संपला. बाँड दाखवा, काम निकाली निघेल. आमच्या समाजात पिढ्यानपिढ्या फारकत चालते. माझ्या चुलत भावाची २००९ ला अशीच झाली, दोघांची दुसरी लग्नं झाली, पोरंबाळं झाली, कुणी काही म्हटलं नाही.

गोदाकाठ
मी नांदेड जिल्ह्यात दिवाणी कोर्टात ३१ वर्षं नोकरी केली. बाँडवरच्या फारकती इतक्या पाहिल्या की मोजता येत नाहीत. नोटरी फक्त सही कुणी केली एवढंच सांगते, तिनं लग्न मोडत नाही. ज्यांचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली येतं, त्यात बौद्ध, जैन, शीखही आले, त्यांचा घटस्फोट न्यायालयाच्या हुकुमानंच होतो.

जालनेकर म्हणतात कुणी काही म्हटलं नाही. जोवर नवरा जिवंत आहे, पगार चालू आहे, तोवर खरंच कुणी काही म्हणत नाही. तो वारला की पेन्शनच्या टेबलावर दोन बायका उभ्या राहतात. फारकतीनंतर केलेली दुसरी, जिनं त्याचं दहा-पंधरा वर्षं केलं, ती कायद्यानं बायकोच ठरत नाही. तिच्या लेकरांना बापाच्या मिळकतीत हक्क राहतो, तिला नाही. अशा बायका माझ्या खिडकीसमोर रडल्यात. घडी घालून घालून चिंध्या झालेला बाँड त्यांच्या पदरात असायचा. म्हणून कळकळीनं सांगतो, त्या कागदावर भिस्त ठेवू नका.

जालनेकर_दादा
रूढीला कायद्यात मान्यता आहे, उगाच घाबरवू नका लोकांना.

काळाकोट_लातूर
आहे, हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २९(२) मध्ये. पण आमच्या जातीत अशी रूढी जुनी आहे आणि सतत पाळली जाते, हे पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. चार माणसांनी बसून लिहिलं म्हणजे रूढी सिद्ध झाली असं होत नाही.

तरी तो बाँड फेकू नका, जपून ठेवा. नवरा म्हणतो ती कारण नसताना सोडून गेली. बाँडमध्ये मात्र दोघांनी राजीखुशीनं वेगळं व्हायचं ठरवलं असं लिहिलेलं असणार. मग 'सोडून गेली' हे कारण टिकणार कसं? बाँडनं घटस्फोट होत नाही, पण या दाव्यात तो तुमच्या कामाचा पुरावा आहे. त्यात 'पुढे पोटगी मागणार नाही' असं वाक्य आहे का बघा.

धारूरकर_९१
आहे. "यापुढे माझा व माझ्या मुलीचा कोणताही हक्क राहणार नाही व पोटगी मागणार नाही." आम्हीच सही केली त्याखाली.

काळाकोट_लातूर
पोटगीचा हक्क असा लिहून सोडता येत नाही, न्यायालय ते मानत नाही. मुलीचा हक्क तर आईलाही सोडता येत नाही, तो मुलीचा स्वतःचा आहे. ताई जिथे राहते तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे स्वतःच्या आणि मुलीच्या पोटगीचा अर्ज करता येतो. पूर्वी लोक १२५ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून ते नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं कलम १४४ आहे. पुण्याच्या दाव्यातही हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली तात्पुरती पोटगी आणि येण्याजाण्याचा, वकिलाचा खर्च मागता येतो. २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दोघांनाही मिळकतीचं शपथपत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. म्हणून अर्ज लवकर करा.

सरळबोल_परभणी
एवढं लांबवण्यापेक्षा ४९८ च बरं होतं.

शांत_मांजरा
सरळबोल दादा, मी टाकलं होतं. माझा छळ झाला होता म्हणून टाकलं. त्याचा पश्चात्ताप नाही मला. पण आता ते नव्या न्याय संहितेत कलम ८५ झालंय आणि पोलीस लगेच उचलून आणत नाहीत. सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेचं कारण लिहावं लागतं, आधी पोलिसांच्या भरोसा सेलला नवरा-बायकोचं समुपदेशन होतं. नणंदेचं नाव मी लोकांच्या सांगण्यावरून घातलं होतं. ती बिचारी चार वर्षं लेकराला कडेवर घेऊन तारखेला येत होती. छळ झाला असेल तर जरूर करावं. पैशासाठी कुणाला करायला सांगू नका.

तेरणा_काठ
मी वेगळंच सांगतो. बहिणीला नवऱ्याकडून किती मिळणार ते सोडा. वडिलांच्या जमिनीत तिचा हिस्सा आहे का? २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी मुलाइतकीच वाटेकरी आहे. २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की २००५ ला वडील हयात असायलाच पाहिजेत असंही नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का ते बघा आधी.

धारूरकर_९१
विषय काय अन् तुम्ही जमिनीवर कुठं आलात? मी घटस्फोटाचं विचारायलोय.

तेरणा_काठ
विचारलं नव्हतं हे खरं. पण लग्नाच्या वेळी हक्कसोड, म्हणजे जमिनीतला हिस्सा सोडल्याचा कागद, करून घेतलंय का, एवढंच सांगा.

हिंगोली_हळद
भांडू नका, तारीख जवळ आलीय. ई-कोर्ट्स ॲपवर नंबर टाकून तारीख बघितली का? दुसरं, तुम्हाला एवढी घाई कशाची? कोर्टात वेळ तर मागता येतो.

धारूरकर_९१
ॲपवर १९ च दाखवतंय.

घाईचं कारण सांगतो. ताईला कळंबकडचं एक स्थळ आलंय. माणूस चांगला आहे, मुलीलाही सांभाळतो म्हणालाय. आम्ही फारकत झाली असंच सांगितलं होतं त्यांना. तुळशीच्या लग्नानंतर उरकायचं ठरत होतं.

गोदाकाठ
थांबवा ते! पहिलं लग्न कायद्यानं टिकून असताना दुसरं केलं तर ते रद्दबातल आहे, वर ताईवर गुन्हा होऊ शकतो, नव्या न्याय संहितेचं कलम ८२. कळंबच्या माणसांना आजच फोन करून खरं सांगा. चांगली असतील तर थांबतील.

काळाकोट_लातूर
गोदाकाठ सरांशी पूर्ण सहमत. आणि मग तुमच्या कामाचा खरा रस्ता वेगळा दिसतो. दोघांनाही मोकळं व्हायचं असेल तर भांडत बसू नका. हाच दावा परस्पर संमतीचा करता येतो, कलम १३ ब. त्याला वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते आहे. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. पण दोघं दीड वर्षाहून जास्त वेगळे राहत असतील, पोटगी, मुलीचा ताबा, देणंघेणं सगळं मिटलेलं असेल, तर न्यायालय ते सहा महिने माफ करू शकतं, हा २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. संमती मात्र सगळ्या अटी कागदावर आल्यावर आणि पैसे न्यायालयासमोर देणं ठरल्यावरच द्यायची. चार माणसांत ठरलेल्या दोन लाखांपैकी दीड लाख अजून आले नाहीत, हे विसरू नका.

१९ ला ताई स्वतः गेली तरी चालतं. कौटुंबिक न्यायालयात वकील असलाच पाहिजे असं नाही. हजर व्हायचं, वकील नेमायला आणि म्हणणं मांडायला वेळ मागायचा. तिथे विवाह समुपदेशक असतात, त्यांच्यासमोर बोलायची संधी मिळते. पुढे पुण्याचे हेलपाटे जमत नसतील तर दावा बीडकडे वर्ग करायचा अर्ज उच्च न्यायालयात करता येतो, पाच वर्षांची मुलगी सोबत आहे हे त्यात महत्त्वाचं ठरतं.

आणि एक विचारते. इतक्या पोस्ट झाल्या, आबा काय म्हणतात, घरात काय ठरलं, सगळं आलं. ताईला काय हवंय?

धारूरकर_९१
विचारलं नव्हतं.

धारूरकर_९१
दोन दिवस इथं लिहिता आलं नाही. ताईला हा सगळा धागा वाचून दाखवला. तालुका समितीत तिनं स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला, दाखला मागितला नाही कुणी. तिथल्या मॅडमनी पुण्याला फोन लावून दिला. १९ ला ती अन् मी जाणार, रात्रीच्या एसटीनं, तिचं अर्धं तिकीट आहे. कळंबला फोन केला. ते म्हणाले कागद होऊ द्या, आम्ही थांबतो.

ताई म्हणाली घटस्फोट तिलाही पाहिजे. तिला स्वतःसाठी काही नको, मुलीच्या शाळेचं दरमहा पाहिजे अन् आपण लग्नात घातलेले साडेतीन तोळे परत पाहिजेत, ते सासूकडं आहेत. बाँडमध्ये सोन्याचा उल्लेखच नाही. त्या दिवशी ती आतल्या खोलीत होती, तिला कुणी बोलावलंच नव्हतं, फक्त सहीला बोलावलं.

तेरणा_काठ, हक्कसोड केलेलं आहे. मीच नेलं होतं तिला रजिस्ट्री ऑफिसात. ते कसं फिरवायचं ते १९ नंतर विचारीन.

आता सोन्याची पावती सापडंना. दुकान बंद झालंय. पावती नसली तर सोनं मागता येतं का?

शांत_मांजरा
येतं दादा. माझ्याकडं पण नव्हती. लग्नातले फोटो काढा, ज्यात ताईच्या अंगावर दागिने नीट दिसतात ते. कार्यात दागिने बघितलेल्या दोन बायकांची नावं लिहून ठेवा. याद्या केल्या होत्या का लग्न जमताना? मुलाला काय, मुलीला काय असं लिहितात ना, ती वही शोधा. आमच्या मामांच्या कपाटात सापडली होती.

काळाकोट_लातूर
ते स्त्रीधन आहे, तिचंच आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खाली परत करण्याचा हुकूम मागता येतो, संमतीच्या अटींतही घालता येतं. यादीची वही मिळाली तर मूळ वही घरीच ठेवा, पुण्याला झेरॉक्स न्या.

धारूरकर_९१
वही चुलत्याकडं आहे. सकाळी जातो.