कंट्रोल लाइनसाठी स्पिटफायर की हरिकेन? सल्ला हवा

विहंग:
नमस्कार मंडळी. लेक एनसीसीच्या एअर विंगमध्ये कंट्रोल लाइन, म्हणजे हातातल्या हँडलला जोडलेल्या तारांनी मॉडेल विमान स्वतःभोवती गोल उडवणं, शिकली. फळीसारख्या चपट्या धडाचं ट्रेनर ती आता सफाईने फिरवते, लूपही मारते. आता दोघांना मिळून दुसऱ्या महायुद्धातलं एखादं लढाऊ विमान स्केलमध्ये बांधायचंय, अर्थात उडणारं. तिला स्पिटफायर हवंय. कुठलं घ्यावं, केवढं करावं, इंजिन लावावं की मोटर?

बाल्साकाका:
स्पिटफायर देखणंच, पण पहिल्या स्केल मॉडेलला नको. त्याची चाकं जवळजवळ असतात, उतरताना पंखाचं टोक टेकतं. हरिकेन घ्या. चाकं लांब लांब, पंख जाड, त्यामुळे बेलक्रँक (तारांची ओढ शेपटीच्या हलत्या पात्यापर्यंत पोचवणारा तरफेसारखा तुकडा) आत सहज मावते. १/१० स्केल ठेवा. मूळ पंखविस्तार १२.१९ मीटर, म्हणजे मॉडेल साधारण १२२ सेंमी. शिवाय खऱ्या हरिकेनचं मागचं धड लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचंच होतं. बाल्साच्या (अगदी हलक्या लाकडाच्या) पट्ट्यांवर टिश्यू कागद चढवून डोप (कागद ताणून घट्ट करणारं लॅकर) मारलंत की त्या बारीक कडा आपोआप उमटतात. हे काम करताना मला कायम आनंद होतो.

आणि हे विमान आपलंही आहे. १९४४ साली इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची १ नंबर स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होती. ते रूप करणार असाल तर गोल चिन्हात लाल रंग चुकूनही नको. जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून त्या आघाडीवर गडद आणि फिकट निळाच ठेवला होता.

मेधा:
काकांशी सहमत. फक्त रंगाआधी ओढीचा विचार करा, लाइन ढिली पडली की विमान गेलंच. दीड किलोचं मॉडेल १८ मीटर लाइनवर ताशी ८० किमीने फिरलं तर हातावर चार किलोच्या वर ओढ येते, ती टिकायला हवी. मोटर दोन अंश वर्तुळाबाहेर वळवा, बाहेरच्या पंखाच्या टोकात थोडं शिसं घाला, लीडआउट (पंखाच्या टोकातून बाहेर येणाऱ्या तारा, ज्यांना लाइन जोडतात) गुरुत्वमध्याच्या किंचित मागून काढा. हरिकेनचं नाक आखूड आहे. शेपटीत एक ग्रॅम वाढला की पुढे जवळपास तीन ग्रॅम घालावे लागतात, म्हणून शेपटीला सगळ्यात हलका बाल्सा निवडा.

मोटरच लावा. ग्लो इंजिनचं (इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनचं) डोकं त्या निमुळत्या नाकातून बाहेर येतं आणि चेहराच बिघडतो. शिवाय बॅटरी पुढेमागे सरकवून तोल साधता येतो. ठरावीक वेळाने मोटर बंद करणारा टायमर मात्र हवाच.

विहंग:
लेकीला इंफाळचं सांगितलं, आता तिलाच हरिकेन हवंय! चाकं आत जाणारी करावीत का?

बाल्साकाका:
नकोत. वजन वाढतं आणि बिघडायला आणखी एक गोष्ट होते. पियानो वायरचे पक्के पाय करा.

मेधा:
उडवण्याआधी हँडल धरून ओढून बघा, वजनाच्या दहापट, म्हणजे १५ किलो. मॅडम, सर, कुणीही घाई केली तरी हे टाळू नका. आणि मैदानाजवळून विजेच्या तारा जात असतील तर तिथे उडवूच नका. आपल्या लाइन पोलादी असतात, करंट थेट हातात येतो. आभाळ गडगडत असेल तेव्हाही नको.