यादीतील एकच क्रमांक ठळक का दिसतो?

मायक्रोसॉफ्ट वर्डमधील एका क्रमांकित यादीत तिसऱ्या मुद्द्याचा मजकूर साधा असूनही त्याचा क्रमांक तेवढा ठळक राहतो, अशी अडचण विचारली गेली आहे आणि त्यावर संपूर्ण यादी पुसून नव्याने करण्याचा उपाय सुचवला गेला आहे. या अडचणीचे मूळ मजकुरात नसून परिच्छेदाच्या शेवटी असलेल्या अदृश्य खुणेत आहे. वर्डमध्ये यादीचा क्रमांक आपला ठळकपणा, रंग आणि आकार त्या खुणेकडून घेतो. यादीच्या त्या पातळीलाच (मुख्य मुद्दे, उपमुद्दे अशा स्तराला) वेगळे स्वरूप ठरवून दिले असेल, तर मात्र ते वरचढ ठरते. कंट्रोल, शिफ्ट आणि ८ ही बटणे एकत्र दाबली की खूण दिसू लागते. मग केवळ तेवढीच निवडून तिचा ठळकपणा काढावा. संपूर्ण यादी पुसून नव्याने करण्याचा उपाय मला अनावश्यक वाटतो, कारण त्यात क्रमांकांची साखळी तुटण्याचा धोका असतो.

मराठी मजकुरात आणखी एक गोष्ट आवर्जून तपासावी. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार वर्ड रोमन लिपीपासून स्वतंत्रपणे नोंदवते, त्यामुळे अक्षरे १४ आकाराची असताना इंग्रजी अंकांतला क्रमांक ११ वरच अडकलेला दिसू शकतो. अशा वेळी परिच्छेदखुणेसह मजकूर निवडून फॉन्टच्या चौकटीत दोन्ही लिपींचे आकार सारखे करावेत.