टेक्ससच्या मतपत्रिकेवरील न्यायाधीशांच्या जागा : मत द्यावे की कोऱ्या सोडाव्यात?

केटीकर :
मला नुकतेच नागरिकत्व मिळाले असून येत्या नोव्हेंबरमध्ये ह्यूस्टन शहर ज्यात येते त्या हॅरिस काउंटीत मी पहिल्यांदाच मतदान करणार आहे. नमुना मतपत्रिकेत मोठ्या पदांची नावे लवकरच संपली आणि पुढे न्यायाधीशांच्याच जागा दिसत राहिल्या : राज्याचे सर्वोच्च न्यायालय, फौजदारी अपील न्यायालय, जिल्हा आणि कौटुंबिक न्यायालये, अगदी जस्टिस ऑफ द पीस (छोट्या स्थानिक दाव्यांचे न्यायाधीश) सुद्धा. प्रत्येक नावासोबत पक्ष आहेच. महाराष्ट्रात कनिष्ठ स्तराचे दिवाणी न्यायाधीश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात, त्यामुळे न्यायाधीशाने पक्षाच्या चिन्हाखाली मते मागावीत हे मला अजून पटत नाही. ज्यांच्याबद्दल काहीच ठाऊक नाही त्या जागा कोऱ्या सोडणे अधिक प्रामाणिकपणाचे नाही का?

बफेलो बायू :
पद्धत पटो वा न पटो, आपण कोरी सोडलेली जागा कोणीतरी भरणारच आहे. ती कोणी भरली याने काय फरक पडतो, याचे उदाहरण आपल्याच काउंटीत आहे. किरकोळ गुन्ह्यांत अटक झालेल्यांचा जामीन येथे ठरावीक तक्त्यानुसार ठरत असे; ज्याच्याजवळ पैसे तो संध्याकाळी घरी, आणि नसतील तो खटला उभा राहण्याआधीच तुरुंगात. 2016 मध्ये वैध परवाना नसताना गाडी चालवल्याच्या आरोपावरून पकडलेल्या एका तरुण आईला 2,500 डॉलर भरता आले नाहीत म्हणून कोठडीत राहावे लागले आणि तिच्या नावे काउंटीविरुद्ध दावा दाखल झाला. 2017 मध्ये फेडरल न्यायाधीश ली रोझेंथल यांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली, तरीही बहुतेक स्थानिक न्यायाधीशांनी अपील करून लढा चालूच ठेवला आणि त्याचा खर्च अर्थातच करदात्यांच्या खिशातून झाला. नोव्हेंबर 2018 च्या निवडणुकीनंतर ही न्यायासने नव्या लोकांकडे गेली, त्यांनी 2019 च्या सुरुवातीलाच नियम बदलले आणि वर्षअखेरीस तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली. घटना तीच, कायदाही तोच. बदलली होती ती फक्त खुर्चीवरची माणसे.

मिलवॉकीची माधवी :
ही हकिकत खरी आहे, पण तिच्यातूनच उलट निष्कर्षही निघतो. सर्वात आधी अन्याय ओळखणाऱ्या रोझेंथल या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या, तहहयात पदावरच्या न्यायाधीश होत्या. त्यांना कधी मतदारांसमोर जावे लागले नाही. शिवाय 2018 मध्ये ह्यूस्टनमध्ये जी लाट आली ती जामिनाच्या प्रश्नावर आली होती का? तेव्हा टेक्ससमध्ये एकाच खुणेने संपूर्ण पक्षाला मत देता येत असे आणि मतपत्रिकेत वर असलेल्या सिनेटच्या चुरशीच्या लढतीमुळे तिच्या खालची सारी न्यायासने एका पक्षाकडे गेली. त्यात वकीलवर्गात चांगले नाव असलेलेही काही न्यायाधीश घरी बसले. ही एका खुणेची सोय 2020 पासून बंद झाली, हे बरेच झाले.

मला अधिक भीती पैशाची वाटते. वेस्ट व्हर्जिनियात 2004 मध्ये मॅसी कोल कंपनीच्या प्रमुखाने सर्वोच्च न्यायालयाच्या एका उमेदवारासाठी सुमारे 30 लाख डॉलर खर्च केले, तेही कंपनीविरुद्ध 5 कोटी डॉलरच्या भरपाईचा निकाल लागलेला असताना. निवडून आलेले ते न्यायाधीश याच प्रकरणाच्या सुनावणीत बसले आणि कंपनीच्या बाजूने मतही दिले. त्यांनी बाजूला व्हायला हवे होते, हे सांगण्यासाठी 2009 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले, आणि तेही पाच विरुद्ध चार अशा बहुमताने. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये 2025 साली सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी सुमारे 10 कोटी डॉलर ओतले गेले. इलॉन मस्क आणि त्यांच्याशी संबंधित गटांनी त्यात 2 कोटींहून अधिक घातले आणि तरी त्यांचा उमेदवार हरला. तो हरला म्हणून पद्धत शुद्ध ठरत नाही.

बफेलो बायू :
माधवीताई, लाटेबद्दलचे आपले म्हणणे मला मान्य आहे. परंतु रोझेंथलबाईंच्या निकालानंतरही काउंटी दोन वर्षे लढत राहिली, हे विसरता येणार नाही. पैशाचा पूर लोटतो तो बहुतेक राज्याच्या वरिष्ठ न्यायासनांसाठी. घरभाड्याच्या तंट्याचा निकाल देणाऱ्या जस्टिस ऑफ द पीसच्या निवडणुकीत कोणी अब्जाधीश फिरकत नाही. भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा दावा आणि 20,000 डॉलरपर्यंतचे पैशाचे वाद याच न्यायालयात चालतात, आणि गंमत म्हणजे या पदासाठी वकील असण्याचीही अट नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा कधी न्यायालयाशी संबंध आलाच, तर तो इथेच येईल.

शुगरलँडची वैशाली :
केटीकर, आता व्यवहाराचे थोडे सांगते. ह्यूस्टन बार असोसिएशन वकिलांकडून न्यायाधीशांविषयी मते मागवून प्रसिद्ध करते आणि लीग ऑफ विमेन व्होटर्स या मतदार-जागृती करणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शिकेत उमेदवारांची त्यांच्याच शब्दांतील उत्तरे असतात. सगळ्या जागा अभ्यासणे शक्य नसेल तर आधी आपल्या भागातील जस्टिस ऑफ द पीस आणि कौटुंबिक न्यायालये पाहावीत, कारण तेथे न्यायाधीशाच्या स्वभावाला आणि शिस्तीला फार महत्त्व असते. मतदान केंद्रात फोन वापरता येत नाही, मात्र हाताने लिहिलेला कागद नेता येतो. तो घरीच तयार ठेवा. नाव भारतीय दिसले म्हणून मत देऊ नका. आमच्या फोर्ट बेंड काउंटीत केरळमध्ये जन्मलेले सुरेंद्रन पट्टेल 2022 साली 240 व्या जिल्हा न्यायालयावर निवडून आले, पण त्याआधी त्यांनी भारतात आणि येथेही वकिली केली होती. पाहायचे ते हे. आणि पुढच्या वेळी मार्चमधील प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, चुकवू नका. टेक्ससमध्ये त्यासाठी आधी पक्षाकडे नाव नोंदवावे लागत नाही, आणि पक्षाचे पारडे एकीकडे झुकलेल्या काउंट्यांमध्ये न्यायाधीश कोण होणार हे बहुधा तेव्हाच ठरून जाते.